चकतीवरचा अदृश्य मुलामा

संगणकाची निकामी झालेली हार्ड डिस्क कुणी कुतूहलाने उघडली, तर आत आरशासारखी लखलखीत चकती दिसते. ही चकती ॲल्युमिनियमची किंवा काचेची असते आणि माहिती साठवण्याच्या कामी तिचा स्वतःचा फारसा उपयोग नसतो. खरे काम करतो तो तिच्यावर चढवलेला मिश्रधातूचा एक थर. त्याची जाडी साधारण १५ ते २० नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चार हजार थर एकावर एक मावतील. मोबाइल फोनमध्ये हार्ड डिस्क कधी रुळलीच नाही आणि नव्या लॅपटॉपमधूनही ती जवळपास हद्दपार झाली आहे. तेथे सिलिकॉनच्या फ्लॅश चिपचे राज्य आहे. पण बँकांचे जुने व्यवहार, रुग्णालयांतील नोंदी, घरोघरच्या लग्नामुंजींची छायाचित्रे हे सारे ज्या 'क्लाउड'मध्ये जाते, तो प्रत्यक्षात जमिनीवर उभ्या असलेल्या प्रचंड गोदामांचा समूह आहे आणि त्या गोदामांतील बहुतांश माहिती आजही फिरत्या चकत्यांवरच आहे. नाव ढगाचे, आधार मात्र या मुलाम्याचा!

धातूवर धातूचा पातळ थर चढवणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणारे कारागीर पूर्वी गल्लोगल्ली फिरत. तापवलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथिल फिरवले, की भांडे चांदीसारखे चमकू लागे. ती कल्हई कितीही पातळ असली तरी गुणधर्माने कथिलच राही. चुंबकीय धातूंचे तसे नाही. लोखंड, निकेल किंवा कोबाल्ट यांचा थर काही नॅनोमीटरपर्यंत पातळ केला, की त्याचा स्वभावच पालटतो. जाड तुकड्यात जे कधी दिसत नाही ते पातळ थरात दिसू लागते, आणि एखाद्या अणुथराचा फरकही निर्णायक ठरतो. गेल्या सत्तर वर्षांत माहिती साठवण्याच्या तंत्राने जी झेप घेतली, तिच्या मुळाशी या स्वभावबदलाचा अभ्यास आहे.

हा बदल का होतो, हे समजण्यासाठी चुंबकत्वाच्या मुळाशी जावे लागते. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतः एक सूक्ष्म चुंबक असतो. त्याच्या या गुणाला भौतिकशास्त्रात 'स्पिन' म्हणतात. बहुतेक पदार्थांत हे सूक्ष्म चुंबक जोडीजोडीने विरुद्ध दिशांना तोंडे करून एकमेकांना निष्प्रभ करतात. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल यांत मात्र शेजारच्या अणूंचे चुंबक एकाच दिशेला वळणे पसंत करतात. तरीही लोखंडाचा साधा खिळा चुंबकासारखा वागत नाही, याचे कारण असे, की त्याच्या अंतर्भागात असंख्य लहान लहान प्रांत असतात. प्रत्येक प्रांतात एकजूट असते, पण प्रांताप्रांतांच्या दिशा निरनिराळ्या असल्यामुळे एकूण बेरीज शून्य होते.

आता हाच खिळा ठोकून ठोकून अतिशय पातळ पत्रा केला, असे समजा. पत्र्याच्या पातळीला लंब दिशेने, म्हणजे वर-खाली, चुंबकत्व उभे राहायचे झाले, तर पत्र्याच्या वरच्या पृष्ठावर सर्वत्र उत्तर ध्रुव आणि खालच्या पृष्ठावर सर्वत्र दक्षिण ध्रुव तयार होतील. हे ध्रुव एकमेकांच्या अगदी जवळ असल्यामुळे ते आतील चुंबकत्वाला उलट दिशेने दाबू पाहतात. याउलट चुंबकत्व पत्र्याच्या पातळीत आडवे झोपले, तर ध्रुव दूरच्या कडांना ढकलले जातात आणि ऊर्जा वाचते. म्हणून पातळ थरातील चुंबकत्व सहसा आडवेच असते. थर पुरेसा पातळ झाला, की वर-खाली अनेक प्रांत मावतच नाहीत आणि जाडीच्या दिशेने सगळे अणू एकाच रांगेत उभे राहतात. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. दहा अणुथरांच्या फिल्ममध्ये दोन थर पृष्ठभागाचे असतात. म्हणजे एक पंचमांश अणूंना एका बाजूला शेजारीच नसतात किंवा असले तर परक्या धातूचे असतात. जाड तुकड्यात ज्यांना कुणी विचारत नाही ते पृष्ठभागावरचे अणू येथे निर्णायक ठरतात. याचा सर्वांत चमत्कारिक परिणाम पुढे येईलच.

मिश्रधातू कशासाठी, शुद्ध लोखंड का नको, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर संगणकाच्या जन्माआधीच मिळाले होते आणि ते समुद्राच्या तळाशी वापरलेही गेले होते. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत, म्हणजे पुढे बेल प्रयोगशाळा म्हणून नावारूपाला आलेल्या परिवारात, गुस्ताव्ह एल्मेन हे मूळचे स्वीडिश अभियंते १९१० च्या दशकात निकेल आणि लोखंड यांची निरनिराळी मिश्रणे तपासत होते. सुमारे ८० टक्के निकेल आणि २० टक्के लोखंड या प्रमाणाजवळ त्यांना असा धातू मिळाला, की जो अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्रालाही तत्काळ दाद देत असे. त्याला 'परमॅलॉय' असे नाव पडले. १९२४ मध्ये न्यूयॉर्क ते अझोर्स बेटे यांदरम्यान टाकलेल्या तारायंत्राच्या सागरी केबलमध्ये तांब्याच्या तारेभोवती परमॅलॉयची फीत गुंडाळली होती आणि त्यामुळे संदेशांचा वेग पूर्वीच्या केबलींच्या कित्येक पट वाढला.

परमॅलॉयच्या या मृदू स्वभावाचे कारण मोठे सुंदर आहे. चुंबकत्व आले, की निकेल त्या दिशेने किंचित आकसते, तर लोखंडाचे प्रमाण अधिक असलेली मिश्रणे किंचित लांबतात. या दोन विरुद्ध प्रवृत्ती ८०-२० च्या आसपास एकमेकींना जवळजवळ पूर्णपणे छेदून टाकतात. धातूच्या स्फटिकाला एखाद्या ठरावीक दिशेचा जो हट्ट असतो, तोही याच प्रमाणाजवळ नाहीसा होतो. हट्टही नाही आणि ताणही नाही, असा हा धातू बाहेरच्या क्षेत्राची दिशा निमूटपणे स्वीकारतो. विशेष म्हणजे पातळ थरासाठी हा गुण अधिकच मोलाचा आहे, कारण फिल्म नेहमीच खालच्या पृष्ठाला चिकटलेली आणि म्हणून ताणाखाली असते. ताणाने ज्याचा स्वभाव बिघडत नाही, अशीच फिल्म कामाची.

दुसऱ्या महायुद्धानंतर संगणक आले तेव्हा त्यांच्या स्मृतीसाठी फेराइटच्या सूक्ष्म कड्या तारांमध्ये ओवल्या जात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची स्मृतीही अशाच कड्यांची होती. एकेक कडी हाताने ओवण्यापेक्षा परमॅलॉयचे ठिपके काचेवर एकदमच उमटवले तर, अशी कल्पना तेव्हा पुढे आली. १९६२ च्या 'युनिव्हॅक ११०७' या संगणकात पातळ फिल्मची १२८ शब्दांची छोटी, पण अतिशय वेगवान स्मृती होती. ही स्मृती महाग पडली आणि लवकरच सिलिकॉन चिपने कड्या व ठिपके या दोहोंनाही मागे टाकले. मात्र फिल्म तयार करण्याचे आणि तपासण्याचे जे कौशल्य त्या निमित्ताने हाती आले, ते वाया गेले नाही.

त्याचा लाभ हार्ड डिस्कला झाला. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या 'रॅमॅक' या पहिल्या यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन सुमारे एक टन होते आणि साठवण होती फक्त ५० लाख अक्षरांची. चकत्यांवर लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी मिसळलेला रंग फासलेला असे. तो रंग स्त्रियांच्या पायमोज्यांतून गाळून कागदी पेल्याने फिरत्या चकतीवर ओतला जात असे, असे त्या काळच्या अभियंत्यांनी सांगून ठेवले आहे! एका चौरस इंचात तेव्हा दोन हजार बिट मावत. आज तितक्याच जागेत एक लाख कोटींहून अधिक बिट मावतात, म्हणजे वाढ ५० कोटी पटींची.

एवढी मोठी वाढ होण्यासाठी दोन्ही बाजूंनी धातूचे थर पातळ आणि अधिकाधिक कुशल व्हावे लागले. एक बाजू माहिती वाचणाऱ्या शीर्षाची, म्हणजे 'हेड'ची. दुसरी चकतीची.

हेडचे काम चकतीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत खालून सरकणाऱ्या सूक्ष्म चुंबकांची दिशा ओळखण्याचे. सुरुवातीला तारेच्या वेटोळ्यात निर्माण होणाऱ्या विद्युतप्रवाहावरून ती ओळखली जाई. १९७९ मध्ये आयबीएमने परमॅलॉयची फिल्म विद्युतविलेपनाने चढवलेली शीर्षे बाजारात आणली; या तंत्रामागे ल्युबोमिर रोमान्किव्ह या युक्रेनियन वंशाच्या अभियंत्याचा मोठा वाटा होता. पण बिट जसजसे लहान होत गेले तसतसा वेटोळ्यातील इशारा क्षीण होत गेला. तेव्हा अभियंत्यांना विल्यम थॉमसन यांच्या, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन या नावाने प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञांच्या, १८५७ च्या एका निरीक्षणाचा उपयोग झाला. लोखंड आणि निकेल यांचा विद्युतरोध चुंबकत्वाच्या दिशेनुसार किंचित बदलतो, असे केल्विन यांना आढळले होते. परमॅलॉयच्या फिल्ममध्ये हा बदल जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास असतो. तेवढ्या पुंजीवर आयबीएमने १९९१ मध्ये नव्या जातीची हेड बाजारात आणली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट पाठ्यपुस्तकात पडून होती. मूलभूत संशोधनाचा 'उपयोग काय' असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे.

परंतु दोन टक्के किती दिवस पुरणार? याहून मोठा बदल शोधावा असे फारसे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. शंभराहून अधिक वर्षांच्या प्रयत्नांनी हा विषय संपल्यात जमा झाला होता. तो १९८८ मध्ये अचानक जिवंत झाला, आणि तोही एकाच वेळी दोन ठिकाणी.

पॅरिसजवळच्या ओर्से येथे आल्बेर फेर यांचा गट आणि जर्मनीतील युलिश येथे पीटर ग्रुनबर्ग यांचा गट एकमेकांपासून स्वतंत्रपणे लोखंड आणि क्रोमियम यांचे एकाआड एक थर अभ्यासत होता. ग्रुनबर्ग यांना १९८६ मध्येच असे दिसले होते, की लोखंडाच्या दोन थरांमध्ये क्रोमियमचा योग्य जाडीचा पातळ थर ठेवला, तर ते दोन थर आपणहून एकमेकांच्या विरुद्ध दिशेला चुंबकित होतात. जणू मधल्या क्रोमियमच्या भिंतीतून दोन्ही शेजारी एकमेकांची चाहूल घेतात आणि मुद्दाम विरुद्ध दिशेला तोंड फिरवतात. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले, की ते नाइलाजाने एका दिशेला येतात. प्रश्न असा होता, की हे घडत असताना विद्युतरोधाचे काय होते?

ग्रुनबर्ग यांनी तीन थरांची रचना वापरली आणि त्यांना खोलीच्या सामान्य तापमानाला दीड टक्का फरक मिळाला. फेर यांच्या गटाने असे थर चाळीस ते साठ वेळा एकावर एक रचले. लोखंड ३ नॅनोमीटर, म्हणजे वीस-एकवीस अणुथर, क्रोमियम ०.९ नॅनोमीटर, म्हणजे सहा-सात अणुथर. द्रवरूप हेलियमच्या तापमानाला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला, चुंबकीय क्षेत्र लावताच या रचनेचा रोध जवळजवळ निम्म्यावर आला! दोन टक्क्यांची सवय असलेल्या क्षेत्रात हा आकडा अविश्वसनीयच होता. फेर यांच्या गटाने आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'जायंट', म्हणजे महाकाय, हे विशेषण वापरले आणि ते त्या परिणामाला कायमचे चिकटले.

याचे स्पष्टीकरण इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्येच आहे. धातूतून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे दोन गट पडतात, स्पिन वर असलेले आणि खाली असलेले. ही दुपदरी वाहतुकीची कल्पना नेव्हिल मॉट यांनी १९३६ मध्ये मांडली होती आणि फेर यांनी तरुणपणी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, निकेलच्या मिश्रधातूंवर ती पडताळून पाहिली होती. चुंबकित थरातून जाताना ज्यांचा स्पिन थराच्या दिशेशी जुळतो ते इलेक्ट्रॉन सहज पार होतात. ज्यांचा जुळत नाही ते अडखळतात. दोन्ही थर एकाच दिशेचे असले, तर इलेक्ट्रॉनांच्या एका गटाला संपूर्ण रस्ता मोकळा मिळतो आणि प्रवाह त्या मार्गाने सुखाने वाहतो. थर विरुद्ध दिशांचे असले, तर एक गट पहिल्या नाक्यावर अडतो आणि दुसरा गट दुसऱ्या नाक्यावर. मोकळा रस्ता कुणालाच उरत नाही आणि रोध वाढतो. मात्र हे घडण्यासाठी एक अट आहे. इलेक्ट्रॉनने एका थरात मिळवलेली आपली ओळख पुढच्या थरापर्यंत टिकवली पाहिजे. धातूत ही ओळख फार अंतर टिकत नाही. वाटेत धडका बसल्या की सगळे मिसळून जाते. म्हणूनच थर काही नॅनोमीटरचे हवेत. जाड थरांत हा परिणाम शतकभर कुणाला दिसला नाही, त्याचे कारण हेच.

दोन्ही गटांनी आपले थर अतिशय खर्चिक पद्धतीने, अतिनिर्वात पात्रात अणूंची वाफ सावकाश स्फटिकावर बसवून तयार केले होते. कारखान्यात हे जमणे शक्य नव्हते. ही अडचण कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेतील स्टुअर्ट पार्किन यांनी दूर केली. त्यांनी 'स्पटरिंग' ही साधी, औद्योगिक पद्धत वापरली. या पद्धतीत निर्वात पात्रात थोडा आर्गॉन वायू सोडून त्याचे आयन धातूच्या लादीवर आदळवतात. त्या माऱ्याने उडालेले अणू समोरच्या पृष्ठावर जाऊन बसतात. असे थर स्फटिकदृष्ट्या निर्दोष नसतात. तरीही १९९० मध्ये पार्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांत तो महाकाय परिणाम तर मिळालाच, शिवाय एक नवीन गोष्टही दिसली. मधल्या थराची जाडी वाढवत नेली, की शेजारचे दोन चुंबकीय थर आलटून पालटून विरुद्ध आणि समदिश होत राहतात, आणि ही लय जेमतेम काही अणुथरांच्या अंतराने बदलते. म्हणजे कारखान्यातील यंत्राचा एखाद्या अणुथराचाही अंदाज चुकला, तर फळ नेमके उलटे!

त्यानंतर आयबीएमच्याच बर्नार्ड दियेनी, पार्किन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'स्पिन व्हॉल्व्ह' ही रचना मांडली. तिच्यात परमॅलॉयचे दोन थर आणि मध्ये तांबे असते. एका परमॅलॉय थराला लोखंड-मँगनीजच्या मिश्रधातूचा शेजार देऊन त्याची दिशा खुंटीला बांधल्यासारखी पक्की केलेली असते. दुसरा थर मोकळा असतो आणि चकतीवरच्या बिटप्रमाणे वळतो. येथे थरांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचा खटाटोपच नाही, त्यामुळे अगदी क्षीण क्षेत्रही पुरते. एल्मेन यांनी केबलसाठी शोधलेला आज्ञाधारक धातू येथे पुन्हा कामी आला. नोव्हेंबर १९९७ मध्ये अशा हेडची पहिली डिस्क, 'डेस्कस्टार १६ जीपी', १६.८ गिगाबाइट क्षमतेसह बाजारात आली. शोध ते दुकान हे अंतर अवघ्या नऊ वर्षांचे. फेर आणि ग्रुनबर्ग यांना २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पार्किन यांचा त्यात समावेश नव्हता आणि त्याबद्दल अनेकांना हळहळ वाटली. २०१४ मध्ये त्यांना फिनलंडचे मिलेनियम तंत्रज्ञान पारितोषिक देण्यात आले.

हेड सूक्ष्म बिट वाचू लागले, हे खरे. पण मुळात चकतीवर इतके सूक्ष्म बिट टिकणार का? येथे गाठ पडते ती निसर्गाच्या एका कठोर नियमाशी. चकतीवरील फिल्म प्रामुख्याने कोबाल्ट, क्रोमियम आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूची असते. ती एकसंध नसून असंख्य कणांची असते आणि प्रत्येक कण हा स्वतंत्र चुंबक असतो. कोबाल्ट चुंबकत्व पुरवतो, प्लॅटिनम त्याला दिशेचा हट्ट देतो, तर क्रोमियम कणांच्या सीमांवर जाऊन शेजाऱ्यांना एकमेकांपासून अलग ठेवतो. पुढच्या पिढीत हे सीमेचे काम सिलिकाच्या जातीच्या ऑक्साइडांकडे आले. परमॅलॉयमध्ये जो हट्ट दोष मानला जातो, तोच येथे गुण ठरतो. हेडने ऐकावे आणि चकतीने लक्षात ठेवावे, अशी ही वाटणी आहे.

बिट लहान करायचा तर कण लहान हवेत. पण कणाचा हट्ट त्याच्या आकारमानाच्या प्रमाणात असतो, आणि सभोवतालची उष्णता त्या कणाला सतत धक्के देत असते. हट्टाची ऊर्जा उष्णतेच्या ऊर्जेच्या ४० पट असेल, तर साधारण हिशेबाने एखादा कण सात-साडेसात वर्षांतून एकदा आपणहून उलटतो. आता त्याची लांबी, रुंदी आणि जाडी केवळ २० टक्क्यांनी कमी केली, तर आकारमान निम्मे होते आणि उलटण्याचा काळ एका सेकंदाच्याही खाली येतो! साडेसात वर्षे आणि एक सेकंद यांमध्ये फक्त एक पंचमांशाचे अंतर. कुणाचे अल्बम, कुणाचे सात-बारा, कुणाचे वैद्यकीय अहवाल असा कणाकणाने पुसला जाणारा दस्तऐवज कुणाच्याच उपयोगाचा नाही. १९९७ च्या सुमारास स्टॅनली चॅराप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले, की प्रचलित पद्धतीने चौरस इंचाला सुमारे ४० गिगाबिटच्या पुढे जाता येणार नाही.

हट्टी मिश्रधातू वापरून कण टिकवता येतो, पण मग तो हेडच्या क्षेत्रालाही जुमानत नाही, लिहायचेच कसे? लहान कण, टिकाऊपणा आणि लेखनाची सोय या तीन गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. डिस्क उद्योगाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या तिढ्यातून काढलेल्या पळवाटांचा इतिहास आहे.

पहिली पळवाट २००१ मध्ये आयबीएमने काढली. दोन चुंबकीय थरांमध्ये रुथेनियम या दुर्मीळ धातूचा अवघा तीन अणूंच्या जाडीचा थर ठेवला, की ते थर परस्परविरुद्ध जखडले जातात आणि एकत्रितपणे अधिक स्थिर राहतात. कंपनीतील शास्त्रज्ञांनी या थराला गमतीने परीकथेतील 'जादूची भुकटी' म्हटले. दुसरी पळवाट त्याहून जुनी होती. जपानच्या तोहोकू विद्यापीठातील शुन-इची इवासाकी १९७० च्या दशकापासून सांगत होते, की बिट आडवे मांडण्याऐवजी उभे करा. आडव्या मांडणीत शेजारच्या बिटांचे सारखे ध्रुव समोरासमोर येऊन भांडतात; उभ्या मांडणीत ते एकमेकांना आधार देतात. शिवाय चकतीवरील फिल्मखाली मृदू चुंबकीय थर दिला, तर लिहिण्याचे क्षेत्रही अधिक जोरकस होते. पण पातळ थराची प्रवृत्ती आडवे झोपण्याची! तिच्यावर मात करण्यासाठी कोबाल्टच्या स्फटिकांचा मुख्य अक्ष सरळ वर येईल अशी बैठक खाली तयार करावी लागते. इवासाकी यांचा आग्रह तब्बल तीन दशके प्रयोगशाळेतच राहिला. २००५ मध्ये तोशिबा कंपनीने १.८ इंची डिस्कमध्ये तो प्रथम बाजारात आणला आणि काही वर्षांत सर्व डिस्क उभ्या पद्धतीच्या झाल्या. चॅराप यांनी सांगितलेली सीमा तोवर मागे पडली होती. त्यांचे गणित चुकलेले नव्हते. ज्या पद्धतीसाठी ते मांडले होते, ती पद्धतच बदलली.

तिसरी पळवाट अलीकडची आणि सर्वांत धाडसी आहे. लोखंड आणि प्लॅटिनम समप्रमाणात घेऊन फिल्म केली आणि पाच-सहाशे अंशांपर्यंत तापवली, तर दोन्ही धातूंचे अणू गोंधळलेले न राहता एक थर लोखंडाचा, एक प्लॅटिनमचा अशी शिस्तबद्ध मांडणी करतात. या शिस्तीतून येणारा हट्ट कोबाल्टच्या फिल्मपेक्षा दहापटींहून अधिक असतो, त्यामुळे तीन-चार नॅनोमीटरचा कणही वर्षानुवर्षे आपली दिशा सोडत नाही. त्याच्यावर लिहिण्यासाठी मग लेझर वापरतात. हेडवरच बसवलेल्या सूक्ष्म लेझरचा प्रकाश सोन्यासारख्या धातूच्या टोकावर एकवटून काही दशक नॅनोमीटरचा ठिपका तापवला जातो. सुमारे पावणेपाचशे अंशांजवळ या मिश्रधातूचे चुंबकत्वच विरघळते. त्या क्षणी हेडचे साधे क्षेत्र पुरते आणि थंड होताच बिट गोठतो. तापणे, लिहिणे व निवणे हा सारा विधी दोन नॅनोसेकंदांत आटोपतो. जानेवारी २०२४ मध्ये सीगेट कंपनीने या पद्धतीच्या ३० टेराबाइटहून मोठ्या डिस्क जाहीर केल्या; एकेका चकतीवर तीन टेराबाइट. या तंत्राची चर्चा वीस वर्षांहून अधिक काळ 'लवकरच येणार' या शीर्षकाखाली चालू होती, हेही नमूद करायला हवे.

हेडच्या बाजूलाही दरम्यान आणखी एक पिढी बदलली. दोन चुंबकीय थरांमध्ये तांब्याऐवजी विद्युतरोधक पदार्थाचा एक-दोन नॅनोमीटरचा पडदा ठेवला, तर इलेक्ट्रॉन पुंजभौतिकीच्या नियमाने त्याच्या आरपार निसटतात, आणि येथेही थरांची दिशा त्यांना मोजावी लागते. सामान्य तापमानाला हे स्पष्टपणे दाखवण्याचे श्रेय १९९५ मध्ये दोन गटांना मिळाले. त्यांतील एक जपानच्या तेरुनोबू मियाझाकी यांचा होता, तर दुसरा अमेरिकेतील एमआयटीत काम करणारे आणि मद्रासच्या आयआयटीत डॉक्टरेट केलेले जगदीश मुडेरा यांचा. २००४ मध्ये पार्किन आणि जपानचे शिंजी युआसा यांनी ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या जागी मॅग्नेशियम ऑक्साइड वापरून हा फरक २०० टक्क्यांच्या आसपास नेला. केल्विन यांच्या दोन टक्क्यांपासूनचा हा प्रवास.

या रचनेत जो धातू सर्वमान्य झाला तो कोबाल्ट, लोखंड आणि बोरॉन यांचा. बोरॉन चुंबकीय नाही, पण त्याची कामगिरी पाहण्यासारखी आहे. त्याच्यामुळे फिल्म बसवताना काचेसारखी अव्यवस्थित आणि म्हणून अतिशय सपाट राहते; सपाट थरांमधला पडदाही मग एकसारख्या जाडीचा बसतो. नंतर फिल्म तापवली, की बोरॉन पलीकडच्या टॅन्टलमच्या थरात निघून जातो आणि उरलेले अणू शेजारच्या मॅग्नेशियम ऑक्साइडचा कित्ता गिरवत स्फटिक होतात.

याच फिल्मवर सध्या 'एमरॅम' नावाच्या स्मृती-चिप तयार होतात. वीज गेली तरी त्यांतील माहिती पुसली जात नाही आणि त्यांत फिरणारा एकही भाग नसतो. सॅमसंगने २०१९ मध्ये अशी स्मृती इतर चिपमध्ये अंतर्भूत करून देण्यास प्रारंभ केला. येथेही उष्णतेचे तेच जुने गणित आहे आणि बिट टिकण्यासाठी चुंबकत्व उभे असणे फायद्याचे ठरते. त्यासाठी २०१० मध्ये तोहोकू विद्यापीठातील शोजी इकेदा, हिदेओ ओहनो आणि सहकाऱ्यांनी जो मार्ग दाखवला, त्यात प्लॅटिनम लागत नाही, स्फटिकांची खास बैठकही लागत नाही. त्यांनी फक्त थर पातळ केला. मॅग्नेशियम ऑक्साइडला लागून असलेल्या अणूंचे तेथील ऑक्सिजनशी जे बंध जुळतात, ते चुंबकत्वाला उभे करू पाहतात, आणि थर पुरेसा पातळ असला, की या सीमेवरच्या अणूंचे बहुमत होते. १.३ नॅनोमीटर जाडीला चुंबकत्व ताठ उभे राहते. तोच धातू, तेच प्रमाण, तीच भट्टी. जाडी दोन नॅनोमीटर केली, की ते पुन्हा आडवे होते.